आयती वाट

१

रोज सकाळी नऊ वाजता मी अंगणातल्या पांढऱ्या पेटीचं दार उघडते. आत दोन थर्मामीटर असतात, शेजारी पर्जन्यमापक, आणि हिवाळ्यात बर्फ मोजायची काठी. आकडे वहीत लिहायचे, एखादा शेरा मारायचा आणि महिनाअखेर कागद वेधशाळेला धाडायचा. सोळा वर्षं मी हे करते आहे. हे काम कुणी माझ्या गळ्यात बांधलेलं नाही, मी ते मागून घेतलं.

जगाच्या या दक्षिण टोकाला जुलै म्हणजे ऐन हिवाळा. तशा एका जुलैतल्या गुरुवारी थंडी तशी बेताचीच होती. पण बॅरोमीटरचा काटा रात्रीतून इतका खाली गेला होता की बिघडला की काय म्हणून मी काचेवर दोनदा टिचकी मारली. वारा अजिबात नव्हता. दक्षिणेला डोंगरामागे आभाळ जस्ताच्या पत्र्यासारखं झालं होतं आणि ओढ्याचा आवाज नेहमीपेक्षा जवळून येत होता.

खरं सांगायचं तर मला आनंद झाला. मेंढीवाल्याच्या बायकोने हे बोलू नये. मोठा बर्फ म्हणजे गाडलेल्या मेंढ्या, तुटलेली कुंपणं आणि महिनाभराची कंबरतोड मेहनत. पण माझं माहेर समुद्राकाठी, तिथे बर्फ जमिनीला लागायच्या आत विरघळतो. त्यामुळे मोठा बर्फ येणार म्हटलं की अजून मी खिडकीला नाक लावून उभी राहते. मग रॉरी म्हणतो, "नेटा, तुझी ही हौस एक दिवस आपल्याला गाडणार आहे."

रॉरी माझा नवरा. मंगळवारपासून तो घरापासून नऊ मैलांवर, दक्षिणेच्या डोंगरातल्या पत्र्याच्या खोपीत होता. वरच्या कड्यांवर चरणाऱ्या दोनदाती, म्हणजे दीड-दोन वर्षांच्या, मेंढ्या उतरवून खोपीजवळच्या आडोशाला आणायच्या आणि बर्फ थांबेपर्यंत तिथेच मुक्काम करायचा, असं ठरलं होतं. बरोबर दोन कुत्री होती, आठवडाभराचा कोळसा, पीठ आणि मटण होतं. खोपीत बसून राहिलेल्या माणसाला बर्फात काही होत नाही. जे होतं ते बाहेर पडणाऱ्याला होतं.

घरी मी आणि माझे सासरे अलास्टर. वय ब्याऐंशी. गुडघे गेलेले, हातात काठी, आणि गेली तीन वर्षं लाकडांच्या ढिगापलीकडे पाऊल टाकलेलं नाही. मी आकडे लिहून आत आले तेव्हा ते चुलीपुढच्या खुर्चीत बसून आपल्या जुन्या, तळाला खिळे ठोकलेल्या बुटांना मेंढीची चरबी चोळत होते.

"कुठे निघालात, बाबा? नाचायला?" मी विचारलं.

"बूट कोरडे पडले की फुटतात, पोरी," ते म्हणाले. ते बूट तीन वर्षं कोरडे पडलेले होते आणि फुटले नव्हते, पण म्हाताऱ्या माणसाच्या तोंडी कोण लागणार? मी दलियाचं पातेलं चुलीवर ठेवलं.

२

आमच्याकडे बर्फ पडून गेला की मेंढ्या जिथल्या तिथे रुतून बसतात. हाकून उपयोग नसतो. मग माणसं एकामागे एक चालत बर्फ तुडवतात आणि दोन फुटांची वाट पाडतात. त्या वाटेने मेंढ्या एका रांगेत, पुढचीच्या शेपटीला नाक लावून, बाहेर निघतात. या तुडवण्याची रीतही ठरलेली आहे. पुढचा माणूस दमला की तो बाजूला होऊन मागे जातो आणि दुसरा पुढे होतो. ज्याच्या दाराशी वाट येईल त्याने लगेच बूट चढवून बाहेर पडायचं आणि रांगेतली दुसरी जागा घ्यायची. ती त्याच्यासाठी मोकळीच ठेवलेली असते. तुडवून आलेल्यांना दारात ताटकळत ठेवणं याच्याइतकी लाजिरवाणी गोष्ट आमच्या खोऱ्यात दुसरी नाही. इथली पोरं चालायला लागायच्या आधी हे शिकतात.

साडेदहाच्या सुमाराला मी भांडी घासत होते. खिडकीतून घरापुढचं कुरण दिसतं. वाळलेलं पिवळं गवत, पाण्याची दगडी डोणी, त्यामागे पाइनची झाडं. बर्फाचा अजून एक कणही पडला नव्हता. आणि कुरणातून आमच्या साठएक म्हाताऱ्या मेंढ्या एका रांगेत चालत येत होत्या, नाक पुढचीच्या शेपटीला लावून.

मोकळ्या रानात मेंढी अशी चालत नाही. ती पसरते, थांबते, गवताला तोंड लावते. या दोन्ही बाजूंना न बघता चालत होत्या. डोणीजवळ पहिली मेंढी काटकोनात वळली. तिथे कुंपण नाही, खड्डा नाही, काहीच नाही. पण मागची प्रत्येक मेंढी बरोबर त्याच जागी वळली. मधल्या एकीने रांगेबाहेर पडलेल्या वैरणीकडे मान लांब केली आणि काहीतरी थंड नाकाला लागावं तशी झटकन मागे घेतली. त्यांची लोकर दोन्ही अंगांना चापून बसली होती.

मी हात पुसले, काठी घेतली आणि बघायला गेले. मॉस, आमचा म्हातारा कुत्रा, माझ्यामागून डोणीपर्यंत आला आणि तिथे खाली बसला. हाक मारली, शीळ घातली, शेवटी चार शिव्याही घातल्या. तो जमिनीकडे बघत राहिला.

मेंढ्या गेल्या होत्या त्या जागी गवत नुसतं थोडं दबलं होतं. मी त्या ओळीत पाय ठेवला आणि ओढ्याचा आवाज बंद झाला. पाय मागे घेतला, आवाज सुरू. पुन्हा आत, पुन्हा बंद. असं मी सात वेळा केलं. भीती वाटली का? तेव्हा नाही वाटली. मला एवढंच वाटत होतं की हे वहीत कसं लिहायचं, कारण याला रकाना नाही. हवेचा दाब बदलला की कानांना दडे बसतात, तसलं काहीतरी असणार, अशी मी समजूत घातली. पण दडे दोन फुटांच्या पट्ट्यात बसत नाहीत, हेही मला कळत होतं.

माणूस उंच बर्फाच्या भिंतींमध्ये उभा असला की असंच होतं. सगळे आवाज मरतात. हे मला घरी परत येताना सुचलं.

मी बाबांना सगळं सांगितलं. त्यांनी हातातलं फडकं खाली ठेवलं. "तोंडं कुणीकडे होती मेंढ्यांची?" त्यांनी विचारलं.

"घराकडे."

त्यांनी मान हलवली आणि दुसरा बूट मांडीवर घेतला.

३

बारा वाजता वायरलेसची वेळ असते. त्या वेळी खोऱ्यातली सगळी बोलतात. सगळी म्हणजे आम्ही, वर कुणी असेल तर खोपीतला माणूस, आणि सात मैल खालच्या वाडीवरची मर्टल. मर्टलने आजवर दोन नवरे आणि तीन घोडे मातीआड केले आहेत, आणि तिच्या मते त्यांत घोडे जास्त कामाचे होते.

मी मेंढ्यांचा प्रकार सांगितला तेव्हा ती म्हणाली, "नेटा, तुझ्या मेंढ्या तुझ्याहून शहाण्या आहेत. त्या तालीम करतायत." मग तिने स्कोनचे पाव भाजायला टाकलेत असं सांगितलं, आणि माझं डोकं फार वेळ थर्मामीटर बघून गार पडलंय असंही सांगितलं. मला हसू आलं. मर्टलशी बोललं की जगातल्या गोष्टी आपापल्या जागी जाऊन बसतात.

मग रॉरीचा आवाज आला, खरखरत. तिकडे अकरालाच बर्फ सुरू झाला होता. मोठाले, ओले, सरळ खाली येणारे कण. पण मेंढ्या सगळ्या आडोशाला आल्या होत्या आणि तो खुशीत होता. हाकावं लागलंच नाही, म्हणाला. सकाळी उठून बघतो तर आपणहून उतरत होत्या, शाळेतल्या पोरींसारख्या एकामागे एक.

"बर्फ पडायच्या आधी?" मी विचारलं.

"आधी. माझं नशीब म्हणायचं." त्याने जांभई दिली. दोन रात्री त्याला धड झोप नव्हती. बॅटरी उतरत चालली होती, म्हणून तीन वाजता पुन्हा बोलू असं ठरवून त्याने संच बंद केला.

मी मागे वळले. बाबा भिंतीवरच्या फोटोकडे बघत होते. तो त्यांच्या धाकट्या भावाचा, कॅलमचा फोटो आहे. विशीतला हसरा मुलगा, टोपी एका कानावर कलती घातलेली. मी लग्न करून आले तेव्हा विचारलं होतं, हा कुठे असतो? तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, तो बर्फ तुडवायला गेला. आमच्या खोऱ्यात एवढं उत्तर पुरतं, पुढचं कुणी विचारत नाही.

"बाबा, तुम्ही असलं काही पाहिलंय का कधी?"

त्यांनी बुटाची नाडी बोटाभोवती गुंडाळली. मग म्हणाले, "वाट दिसली आणि ती कुणी पाडली ते आपण पाहिलेलं नसलं, तर कुत्रा पुढे घालायचा. कुत्रा गेला तर आपण जायचं."

"आणि नाही गेला तर?"

"तर घरात बसायचं. मी बसलो होतो."

"मग काय झालं?"

"मग वाट पुढच्या खोपीकडे गेली," ते म्हणाले. पुढच्या खोपीत कोण होतं ते मी विचारलं नाही. फोटो समोरच होता.

४

बर्फ आमच्याकडे दीडला पोहोचला. तो येताना बघणं ही माझी वर्षातली सगळ्यात आवडती वेळ, आणि त्या दिवशीही मी ती सोडली नाही. खिडकीशी खुर्ची ओढली, चहाचा कप घेतला आणि बसले.

पहिल्यांदा डोंगर जातो. तो झाकला जात नाही, नुसता उरत नाही. मग दूरच्या कुंपणाचे खांब जातात, पलीकडून अलीकडे, एकेक करून. मी घड्याळ लावून बसते, दर मिनिटाला किती खांब ते मोजते. तीन, तीन, चार. मग पाइनची झाडं करडी होतात. मग एकदम सगळं शांत होतं आणि पहिला कण काचेवर येऊन बसतो. त्या दिवशी मी त्या कणाला बोट लावलं, काचेच्या आतून. बाबांनी चुलीत लाकूड सारलं.

दोन वाजता कुरण पांढरं झालं होतं, फक्त एक रेघ सोडून. ती पाइनच्या झाडांमधून येत होती, डोणीपाशी काटकोनात वळत होती आणि लाकडांच्या ढिगापाशी संपत होती.

मी कोट चढवला. बाबा म्हणाले, "तिच्यात पाय घालू नकोस." मी म्हटलं, नाही घालत, नुसती मोजते.

कडेला उभी राहून मी काठी टेकवली. बाहेर पाच इंच, भुसभुशीत. वाटेत तीन इंच, घट्ट, तुडवलेला. कडा सुतारानं रंधा मारावा इतक्या सरळ. तळाशी बुटांचे ठसे होते, खिळ्यांच्या बुटांचे, आणि सगळ्यांची टोकं घराकडे. खिळ्यांचे बूट आता इथे कुणी वापरत नाही. चुलीपुढे चरबी लावून ठेवलेल्या एका जोडाशिवाय मी तसले बूट वर्षानुवर्षं पाहिलेले नव्हते.

मी स्वतःशी वाद घातला. जमिनीखालून झरा जात असेल. पण झऱ्याच्या उबेने बर्फ वितळतो, तुडवला जात नाही. वाऱ्याने कोरला असेल. पण वारा नव्हता. मेंढ्यांनी तुडवला असेल. पण त्या तीन तासांपूर्वीच गोठ्यात गेल्या होत्या आणि मेंढ्या बूट घालत नाहीत. या शेवटच्या मुद्द्यावर मला मोठ्याने हसू आलं, आणि माझं हसू मला नीट ऐकू आलं नाही.

अडीचला मी पुन्हा गेले. बाहेर नऊ इंच. वाटेत तीनच. कण आत पडताना दिसत होते, पण तळावर भर पडत नव्हती. आणि वाट आता लाकडांच्या ढिगाशी संपत नव्हती. ती अंगणातल्या पाण्याच्या पंपापर्यंत आली होती. पंपापासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत बारा पावलं आहेत. बर्फ इतका दाट होता की वाटेत कुणी उभं असतं तरी मला दिसलं नसतं. मी काठी उचलली आणि मागे न बघता आत आले.

पहिल्यांदा भीती वाटली ती तेव्हा. पण खोटं कशाला बोलू, त्या भीतीच्या तळाशी हौसही होती. पावणेतीनला ती कुठपर्यंत येईल, हे मला बघायचं होतं.

५

तीन वाजता रॉरी बोलला. आवाज आधीच दूर गेल्यासारखा.

"नेटा, कुणाला पाठवलंस? इतक्या लवकर?"

"कुणालाच नाही."

"अगं वाट आलीय ना. थेट दारापर्यंत. काय सुरेख तुडवलीय. मर्टलची माणसं दिसतायत."

मी त्याला सांगितलं की मर्टलकडे अजून बर्फ पोहोचलेलादेखील नाही. सांगितलं की पडत्या बर्फात कुणी तुडवायला निघत नाही, आणि चार तासांत नऊ मैल तुडवणारा माणूस जन्माला आलेला नाही.

"ते मला काय ठाऊक," तो म्हणाला. "चौघं आहेत. पाठमोरे उभे आहेत. पहिल्याच्या मागे जागा सोडलीय माझ्यासाठी. बर्फ दाट आहे, चेहरे दिसत नाहीत. मी बूट चढवतोय, तू चहा टाकून ठेव."

"रॉरी, त्यांच्याबरोबर कुत्री किती आहेत?"

कुत्र्यांशिवाय कुणी तुडवायला जात नाही. गाडलेली मेंढी कुत्र्यालाच सापडते.

"एकही नाही," तो म्हणाला.

"आणि तुझी कुठे आहेत?"

"खाटेखाली. भिंतीकडे तोंड करून पडलीत." खरखर वाढली. मग त्याचा आवाज आला, अगदी लहान मुलासारखा. "पण नेटा, माणसं थंडीत उभी आहेत गं. मी दार लावून कसा बसू?"

हा माझा नवरा. या खोऱ्यात जन्मलेला प्रत्येक माणूस असाच आहे, आणि त्यातलं काहीही मला त्याच्यातून काढून टाकता येणार नव्हतं. तेवढ्यात माझ्या खांद्यावर हात आला. बाबा काठीशिवाय उठून आले होते. एरवी त्या यंत्राला ते हात लावत नाहीत. त्यांनी माझ्या हातातून ते घेतलं आणि तोंडाजवळ धरलं.

"रॉरी, दार लाव," ते म्हणाले. "त्यांना म्हणावं, खाली घरात माणूस आहे. मी आहे."

"म्हणजे काय, बाबा?" रॉरीने विचारलं, आणि बॅटरी संपली.

मीही तेच विचारलं, म्हणजे काय. बाबा खुर्चीत जाऊन बसले. मला म्हणाले, चहा दे, आज दोन चमचे साखर घाल. डॉक्टरांनी साखर बंद केली होती. मी घातली.

६

आम्ही वाट बघत बसलो. बाहेर पांढऱ्याशिवाय काही उरलं नव्हतं. पंपही दिसेनासा झाला होता. माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती, त्याने दार लावलं की नाही? नऊ मैलांवरच्या पत्र्याच्या एका दाराची कडी मी डोळ्यांपुढून हलू देत नव्हते.

चारला दहा मिनिटं असताना आवाज आला. पावलांचा, तुडवणाऱ्या पावलांचा. बायका आळीपाळीने कांडायला बसल्या की मुसळं पडतात तसे ठोके, एकामागे एक, ठरलेल्या अंतराने. दक्षिणेकडून येत होते. मी खिडकीशी गेले आणि काचेला कान लावला.

एक. मग रिकामा ठोका. मग तीन.

पुन्हा एक. मग रिकामा. मग तीन.

मी श्वास रोखून दहा वेळा मोजलं. चूक होऊ नये म्हणून बोटांवर मोजलं. पहिल्याच्या मागची जागा रिकामी होती. रॉरी त्यांच्यात नव्हता. मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं.

"बाबा, जागा रिकामी आहे," मी म्हणाले. "त्याने दार लावलं. तो नाही त्यांच्यात."

"ऐकलं मी," बाबा माझ्यामागून म्हणाले. आवाज शांत होता, कामाला निघालेल्या माणसाचा असतो तसा. मी वळून बघितलं नाही. मला पुढचं ऐकायचं होतं.

ठोके पंपापाशी आले, मग दारापाशी, आणि थांबले. दारावर थाप पडली नाही. कुणी हाक मारली नाही. नुसते उभे होते. तुडवणारे दाराशी उभे राहतात तसे, पाठ करून. काचेवर माझ्या श्वासाची वाफ धरत होती, ती मी पुसत होते आणि त्यांना किती वेळ उभं राहता येतं ते मोजत होते. हे मी लिहून ठेवते आहे, कारण मला ते लपवायचं नाही. मी सेकंद मोजत होते. नव्वदपर्यंत मोजले.

मग ठोके पुन्हा सुरू झाले, घरापासून दूर जाणारे. एक, दोन, तीन, चार, पाच.

मधे खंड नव्हता. पुन्हा एक, दोन, तीन, चार, पाच.

रॉरी, मला वाटलं, शेवटी तो गेलाच. मी बाबांना सांगायला वळले.

खुर्ची रिकामी होती. काठी तिला टेकून उभी होती. कप धुऊन पालथा घातलेला. चुलीपुढचा बुटांचा जोड नव्हता आणि मागच्या दाराच्या उंबऱ्याच्या आत मूठभर बर्फ पडला होता.

मी स्वयंपाकघराचं दार उघडलं. पंपाच्या पलीकडे, बर्फाच्या आत, पाठी दिसल्या, क्षणभरच. दुसऱ्या जागेवरची पाठ ताठ होती, गुडघे लवत होते, आणि तो करडा कोट मी स्वतः ठिगळ लावलेला होता. बाकीच्यांचं मी काही सांगू शकत नाही. शेवटच्याने टोपी एका कानावर कलती घातली होती. मग कण दाट झाले आणि तिथे काही उरलं नाही.

मी हाक मारली की नाही, आठवत नाही. एवढं मात्र आठवतं की पहिल्यांदा मनात आलं, रॉरी नाही, देवा, रॉरी नाही. बाबांचं दुःख त्याच्यामागून आलं. तो जो मधला क्षण होता, तो माझ्या मनातून अजून जात नाही.

७

सकाळी नऊ वाजता मी पांढऱ्या पेटीचं दार खणून काढलं. बर्फ चौतीस इंच. अंगणात, डोणीपाशी, पाइनपर्यंत, सगळीकडे सारखा. कुठेही वाट नव्हती. मी आकडा लिहिला आणि शेऱ्याचा रकाना कोरा ठेवला. मॉस माझ्या पायांत घोटाळत होता आणि कुरणभर हुंदडून आला.

मर्टलला मी वायरलेसवर सांगितलं. तिने एकदाही माझी थट्टा केली नाही. बर्फ थांबल्यावर तिची माणसं कुत्री घेऊन तुडवत आली आणि मी त्यांना मटणाचं गरम सूप दिलं. त्यांनी ढिगाभोवती, ओढ्याच्या काठाने, गोठ्यामागे लांब काठ्या खुपसून बघितल्या, मग टोप्या काढल्या आणि दक्षिणेकडे निघाले. जाताना रांगेत पहिल्याच्या मागे जागा सोडली होती.

पाचव्या दिवशी दुपारी कुत्र्यांचं भुंकणं ऐकू आलं. मग त्या वाटेने मेंढ्या आल्या, एकामागे एक, आणि त्यांच्यामागे रॉरी, दाढी वाढलेला, उन्हाने लाल झालेला. त्याने उंबऱ्यावर बूट झटकले आणि मला इतकं घट्ट धरलं की त्याच्या कोटाची बटणं मला रुतली.

"मी दार लावलं होतं," तो माझ्या केसांत म्हणाला. "बाबांनी सांगितलं ते मी दारातून ओरडून सांगितलं त्यांना. मग गेले."

मग त्याने माझ्या खांद्यावरून आत बघितलं. खुर्ची, तिला टेकलेली काठी, चुलीपुढची मोकळी जागा.

"बाबा कुठायत?"

"बर्फ तुडवायला गेले," मी म्हणाले.

त्याने टोपी काढली. कुणाबरोबर, हे त्याने विचारलं नाही.